वाट बघून राहिलो

खोटं वाटलं तर वाटू द्या. मला कोणाच्या सर्टिफिकेटची गरज नाही. हे माझ्यासोबत घडलंय. गेल्या एप्रिलात, नांदेडच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये.

आणि रात्री नाही. भर दुपारी.

मी बालाजी, लातूरजवळच्या मुरुडचा. इतकी वर्षं नाटकात काय केलं? गडी आणि हवालदार. यंदा पहिल्यांदा मोठी भूमिका हाती आली होती. होऊन गेलेल्या एका आयरिश नटाची. खेड्यातून लंडनला गेला, नाटकं गाजवली, सिनेमे केले. पण स्वतःची बोली जन्मभर गिळली. तसं बोलला असता तर दारात कोणी उभं केलं नसतं. शेवटी रंगपटात एकटाच मेला.

दिग्दर्शक सर्वेश सर पुण्याचे.

"बालाजी, शुद्ध बोल. हा आयरिश माणूस आहे, मुरुडचा नाही."

"सर, मग पुण्याचा तरी कधी होता?"

सगळे हसले. सर नाही हसले.

"संध्याकाळपर्यंत जीभ वळली नाही तर भूमिका यज्ञेशला."

यज्ञेश म्हणजे त्यांनी पुण्याहून आणलेला नट. समोरच खुर्चीत बसलेला.

शेवटचा प्रवेश. म्हातारा नट आरशासमोर. मी म्हणालो, "मी वाट पाहत आहे."

उजव्या विंगेतून हळूच आलं...

"वाट बघून राहिलो."

म्हाताऱ्याचा आवाज. घोगरा... ओला.

आमची प्रॉम्प्टर उज्वला. ती डाव्या विंगेत होती.

"उज्वला, चेष्टा बंद कर."

"दादा, मी तर तोंडच उघडलं न्हाई."

उजवीकडं जाऊन पाहिलं. नुसती भिंत. माणूस उभा राहील एवढीही जागा नव्हती.

पुन्हा सुरुवात केली. पंखे फिरत होते, पण त्यांचा आवाज थांबला... रस्त्यावरचे ऑटो थांबले... आणि माझ्या तोंडातून निघालं, "वाट बघून राहिलो."

ओठ माझे. आवाज माझा नव्हता.

"बस्स!" सर ओरडले. "तुझ्याकडून होणार नाही."

आवाज बदललेला त्यांना कळलाच नाही! त्यांना फक्त अशुद्ध ऐकू आलं.

भूमिका गेली.

लातूरचा प्रयोग मी मागच्या रांगेत बसून पाहिला. यज्ञेश आरशासमोर आला. थांबला... उजवीकडं पाहिलं... आणि म्हणाला, "वाट बघून राहिलो."

तोच आवाज.

टाळ्या थांबेनात. बोलीचा धाडसी वापर केला म्हणून सरांना शाल-श्रीफळ. माझ्या तोंडी अशुद्ध, आणि त्याच्या तोंडी धाडस!

मागच्या आठवड्यात यज्ञेशच्या आईचा फोन आला.

"तुम्ही त्याला काय शिकवलंत हो? दिवसभर आरशासमोर बसतो, सारखं तुमचं नाव घेतो. हाक मारली की म्हणतो, तो यज्ञेश कोण?"

मी काय शिकवणार? मला तर हाकललं होतं. तरी त्याला फोन केला. म्हणालो, "सोड रे ती भूमिका."

तो हळूच म्हणाला,

"सोडतो. पण तो म्हातारा विचारून राहिला... मग बालाजी येतो का?"

मी फोन कापला. उत्तर अजून दिलेलं नाही.

लई भीती वाटते. पण ती भूमिका मला अजून पाहिजे.