न फेडलेली गोसोना

आमच्या डोंगरात वाटेत भेटेल त्याला, ओळख असो-नसो, ‘पादियुश’ म्हणायचंच. मेक्सिको शहरातल्या विद्यापीठात पहिल्याच दिवशी मी जिन्यावर भेटेल त्याला ते म्हणत सुटले आणि वर्गभर माझं हसं झालं. मग सगळे माझ्या स्पॅनिशला हसले, मग वेणीला... महिन्याभरात मी बोलणंच सोडलं.

त्या दुपारी बाहेर पाऊस कोसळत होता. मी मान खाली घालून जिना उतरत होते, तर समोरून बँडमधला एक भलामोठा पितळी ट्युबा चढत आला. त्याच्यामागे कुठेतरी एक मुलगा होता.

“पादियुश,” तो म्हणाला.

मी पायरीवरच बसले नि रडायला लागले.

“अगं... एवढं वाईट म्हटलं का मी?” तो घाबरून म्हणाला. आमच्या सापोतेक भाषेत!

तो नतालिओ, आमच्या पलीकडच्या खोऱ्यातला. त्यांच्या गावचा बँड आमच्या जत्रेत वाजवायचा, आमचा त्यांच्या. याला आम्ही गोसोना म्हणतो. आज तू माझ्या शेतात राब, उद्या मी तुझ्या.

सप्टेंबरात मी अंथरुणातून उठेनाशी झाले. ताप नाही, दुखणं नाही, नुसतं उठावंसंच वाटेना. आईला फोनवर सांगायची, सगळं छान आहे. नतालिओला मात्र थाप मारता यायची नाही. तो रोज सकाळी सातला मक्याचे वाफवलेले तमाल घेऊन यायचा आणि ट्युबाच्या मुखनळीने दारावर तीनदा टकटक करायचा.

“ओटिलियाबाई, ऊठ. तमाल गार होतायत.”

“जा ना रे... झोपू दे.”

“मग इथंच वाजवतो. तुझी घरमालकीण मला झाडूने बडवेल. चालेल?”

उठायची मी. करणार काय!

विद्यापीठातल्या समुपदेशक बाईंकडेही त्यानेच नेलं. बाहेर बाकावर ट्युबा मांडीवर घेऊन तासभर बसून राहिला. “या शहरात तुझं कोण आहे?” बाईंनी विचारलं. मी एकच नाव सांगितलं... आणि माझे कान तापले.

“हे सगळं फेडावं लागेल हं,” परतताना तो म्हणाला. “गोसोना आहे.”

“काय हवंय?”

“बघू...” म्हणत त्याने माझ्या वेणीकडे पाहिलं, मग घाईघाईने आभाळाकडे. आभाळात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

डिसेंबरात त्याने सांगितलं. गावसभेने त्याला तोपिल नेमलं होतं. एक जानेवारीपासून वर्षभर गावाची राखण, बिनपगारी. नाही म्हणावं तर घराण्याचा गावावरचा हक्क जातो. गेलं तर शिष्यवृत्ती जाते. असे गेलेले मुलगे सहसा परत येत नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

माझ्या शेवटच्या पेपराच्या आदल्या दुपारी मी त्याला बसपर्यंत सोडायला गेले.

“माझी गोसोना राहिली की,” मी म्हटलं. “काय देऊ, सांग.”

“काही नको.”

“म्हणजे फुकट?”

“ओटिलिया... तुझ्या दाराशी मी गोसोनेसाठी नव्हतो येत गं.”

हे त्याने आधी का नाही सांगितलं? आणि मी तरी कुठे विचारलं होतं!

“मग मी फेडणारच नाही,” मी म्हणाले. “फिटली की तू मोकळा होशील.”

त्याने बाहीने डोळे पुसले. “नको फेडूस. फक्त सकाळी ऊठ.”

बस सुटली. खिडकीतून ट्युबाच जास्त दिसत होता, तो कमी.

दुसऱ्या दिवशी सात वाजले. दार वाजलं नाही. वाजणार नव्हतंच... तरी मी कान देऊन पडून राहिले. सव्वासात. साडेसात. तो जुना जडपणा पुन्हा छातीवर येऊन बसला. नऊला पेपर होता, आणि मला हात उचलवत नव्हता.

शेवटी कशीबशी उठले, अनवाणी दारापर्यंत गेले आणि आतूनच तीनदा टकटक केली.

“ओटिलियाबाई, ऊठ,” मी आमच्या भाषेत म्हणाले, आणि दाराला टेकून पोटभर रडले.

मग वेणी घातली. नऊला विद्यापीठात पोचले. जिन्यावर भेटेल त्याला ‘पादियुश’ म्हणत वर गेले. एकानेही उत्तर दिलं नाही, तरी म्हटलं.