गैरहजर विजेती

ही गोष्ट शब्दशः खरी आहे. ज्यांच्या बाबतीत घडली ते माझे सख्खे साडू, आणि त्यांना कल्पनाशक्ती अजिबात नाही.

ते नट होते.

नट म्हणजे बदली नट. मुख्य नट आजारी पडला तर त्याच्या जागी उभं राहायचं. पण साडू ज्यांच्यामागे राखीव बसले, त्यांना कधी साधं पडसंसुद्धा झालं नाही.

म्हातारपणी मात्र वर्षातून एक दिवस हमखास काम मिळे. व्हिडिओ गेम्सचे वार्षिक पुरस्कार असतात. मोठं सभागृह, थेट प्रक्षेपण, सगळा थाट. खरे पाहुणे संध्याकाळी येतात, म्हणून दुपारच्या तालमीत खुर्च्यांवर त्यांचे फोटो ठेवतात. आमच्या साडूंसारखी माणसं विजेते बनून वर जातात, चषक घेतात, खोटं भाषण ठोकतात. कॅमेऱ्यांना सराव व्हावा, एवढ्यासाठी.

यात एक नियम होता. नाव पुकारण्याआधी म्हणायचंच, "फक्त तालमीपुरते विजेते..."

दिग्दर्शक बाई हा नियम पथ्यासारखा पाळत. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी खुर्च्यांवरच्या फोटोंमध्ये साडूंची एकुलती एक मुलगी होती. ठकू.

ठकूने घरातल्या मागच्या खोलीत बसून एकहाती एक गेम बनवला होता. त्यात एक म्हातारा ओसाड शहरातली बंद पडलेली घड्याळं दुरुस्त करत फिरतो. बस्स. साडूंनी विचारलं, हा संपतो कधी? ती म्हणाली, तुझ्या नाटकांच्या आधी. तरी नामांकन झाल्यावर साडू महिनाभर दिसेल त्याला गाठून सांगत होते.

दुपारी तालीम रंगात आली. बाई म्हणाल्या, विजेता आलाच नाही तर काय, तेही करून बघू. ठकूच्या नावाने करू, वडील इथे आहेतच. सगळे हसले. साडू खूश. जन्मात पहिल्यांदा स्वतःचीच भूमिका!

नावं पुकारायला एक निवृत्त वृत्तनिवेदक होते. तेवढ्यात चहा आला. त्यांचं अर्धं लक्ष किटलीकडे. त्यांनी ठकूचं नाव घेतलं आणि माईकवर सांगून टाकलं, "विजेती येऊ शकलेली नाही. पुरस्कार तिचे वडील स्वीकारतील."

फक्त तालमीपुरते... हे म्हणायचं राहून गेलं.

बाईंचा कप ओठांपाशीच थांबला.

साडूंच्या काही लक्षात आलं नाही. ते वर गेले. जन्मभर साठवलेला अभिनय त्यांनी तिथे ओतला. आवाज कापरा केला, डोळ्यांत पाणी आणलं. म्हणाले, "आज माझी ठकू इथे असती तर..."

आणि टाळ्या वाजल्या.

रिकाम्या सभागृहातून...

एकाच माणसाच्या. सावकाश.

साडूंनी ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले. मी नाही.

टाळ्या ठकूच्या खुर्चीकडून येत होत्या. खुर्चीवर फोटो होता. फोटोत मागची भिंत होती, खिडकी होती...

ठकू नव्हती.

साडूंनी पुन्हा करायला लावलं, या वेळी "फक्त तालमीपुरते" म्हणून, नियमाने. निवेदकांनी पुन्हा पुकारलं. मग आणखी एकदा, घसा खरवडून. फोटोतली भिंत तशीच राहिली.

बाई हळूच म्हणाल्या, "एकदा म्हटलं की झालं हो."

साडूंनी फोन लावला. ठकूने लगेच उचलला. ती टॅक्सीत होती आणि नवे बूट चावतायत म्हणून वैतागली होती. साडूंनी तिला घरी परत जायला सांगितलं. कारण काय ते त्यांना धड सांगता येईना.

"बाबा, तू जन्मभर विंगेत बसलास," ती म्हणाली, "म्हणून आता मीही बसू?"

ती आली. निळ्या ड्रेसमध्ये, किंचित लंगडत. साडूंच्या शेजारी बसली. त्यांनी तिचा हात जो पकडला तो सोडलाच नाही. हात गरम होता. बोटं मोडशील, असं ती दोनदा म्हणाली.

साडूंना वाटलं, टळलं.

तिच्या विभागाची वेळ आली. पाकीट फुटलं. नाव ठकूचंच! टाळ्यांचा कडकडाट झाला आणि ती हात सोडवून उठली.

मंचावरचा देखणा निवेदक हसून म्हणाला, "विजेती येऊ शकलेली नाही. पुरस्कार तिचे वडील स्वीकारतील."

ठकूला आधी गंमत वाटली. तिने हात हलवला. हाक मारली. कुणी वळून बघितलं नाही. मोठ्या पडद्यावर साडू दिसत होते...

आणि शेजारी एक रिकामी खुर्ची.

"बाबा, सांग ना त्यांना."

साडूंनी सांगितलं. ओरडून सांगितलं, ही काय, ही उभी आहे. लोकांनी आदराने माना खाली घातल्या. दोघांनी त्यांना दंडाला धरून वर नेलं.

त्या रात्रीनंतर ठकूचा खूप शोध घेतला. अपघात नाही, आजार नाही, काही सापडलं नाही. टॅक्सीवाला मिळाला. रिकामी गाडी सभागृहापर्यंत का आणली, ते त्याला सांगता आलं नाही.

साडू म्हणतात, ती घरीच आहे. मागच्या खोलीत. पहिले काही महिने ती रोज आईसमोर बसायची. "आईला सांग ना," म्हणायची. साडू सांगायचे. मग माझ्या मेहुणीने त्यांना डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या.

परवा मी गेलो होतो. साडू मागच्या खोलीच्या दाराला कान लावून बसले होते. मी विचारलं, काय म्हणते?

त्यांनी कान दारावरून काढला नाही.

"बोलतेय," ते म्हणाले. "पण हल्ली शब्द कळत नाहीत."

मीही कान लावला. काही नाही. आत पंखासुद्धा बंद होता.

मी उठलो, तर मागून कुणीतरी माझी बाही ओढली... लहान मूल ओढतं तशी.

साडू समोर बसले होते. मेहुणी स्वयंपाकघरात होती.

बूट घातले आणि निघालो. आता त्या घरची चौकशी मी फोनवरच करतो.