गुरुवारचा रकाना

माणूस गेला की घरच्यांनी भरायचा एक कागद त्या काळी मृत्यूच्या दाखल्याइतकाच रुळला होता. त्याला वळणपत्रक म्हणत. गेलेला माणूस किती वाजता जेवायचा, काय खायचा, कुठल्या वारी उपास करायचा, सगळं त्यात लिहायचं. त्याचं यकृत ज्याला बसवलं जाई, त्याने जन्मभर तसंच वागायचं.

कारण यकृताला स्वतःचं घड्याळ असतं. घास तोंडात जाण्याआधीच ते आपले रस तयार ठेवतं, पाहुणे यायच्या आधी जाणती बाई कणीक मळून ठेवते तसं. वर्षानुवर्षांच्या सवयीने ते वारसुद्धा पाळू लागतं आणि शरीर बदललं तरी विसरत नाही. हे कळण्याआधी प्रत्यारोपणानंतर पाच वर्षं जगणारे शंभरात पंचाहत्तर होते. वळणपत्रक आलं आणि ते पंचाण्णव झाले.

एवढ्या हुशार लोकांच्या एकच गोष्ट ध्यानात आली नाही. आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल वावगं कोणी लिहीत नाही.

त्या गुरुवारी प्रत्यारोपण करणाऱ्या डॉ. तबस्सुम मुल्ला जयसिंगपूरला शालन जगदाळेंच्या घरी पोचल्या, तेव्हा एक वाजून गेला होता. शालनच्या नवऱ्याला, हिंदुरावांना जाऊन चार महिने झाले होते.

"मावशी, काकांचं यकृत एका चौतीस वर्षांच्या बाईला दिलंय. तिची तब्येत दर शुक्रवारी ढासळते. आणखी दोन-तीन गुरुवार, मग आमच्या हातात काही नाही."

"गुरुवारी कडक उपास होता त्यांचा. सव्वीस वर्षं. नरसोबाच्या वाडीला जायचे, रात्री येऊन सोडायचे. लिवलंय की मी."

"तीही तसाच करते. पण दुपारी कधीतरी यकृत जेवणाची तयारी करतं आणि जेवण येत नाही. ते रस मग यकृतालाच जाळतात."

"मग जेवायला घालून बघा की."

"वेळ चुकली, जेवण चुकलं, तर आहे तेही जाईल. अंदाजाचं काम नाही हे."

शालनने हिंदुरावांच्या फोटोकडे पाहिलं. तिला राग येत होता. नवऱ्याचा की समोरच्या या डॉक्टर पोरीचा, तिचं तिलाच कळेना.

"वाडीचे म्हणून पेढे आणायचे," ती म्हणाली. "पुडीवर छाप सांगलीच्या दुकानाचा. तीच पुडी मी देवापुढं ठेवायची. एकदाच गेले हुते मागनं. दोन वाजले हुते. सांगलीतल्या एका घराच्या दारातनं मटणाचा वास आला, आतनं ह्यांचं हसणं आलं. परत फिरले."

"कोणाच्या..."

"ते तुमच्या कागदाला लागतंय का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. दोन वाजता, मटण-भाकरी. पोटभर घाला तिला."

डॉक्टरांनी लगेच रुग्णालयात फोन लावला. दोनला वीस मिनिटं होती. त्या बाईला ताट वेळेवर मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिच्या तपासण्या चार महिन्यांत प्रथमच नीट आल्या.

फोन होईस्तोवर शालन आत जाऊन आली होती. तिने एक घडी घातलेला कागद डॉक्टरांपुढे ठेवला. तो तिचा स्वतःचा होता. आपलं यकृत मरणानंतर द्यावं म्हणून सही केलेला.

"हे परत घेऊन जावा."

"मावशी, तुमच्या यकृतावरही कोणीतरी जगेल."

"जगंल की. पण मग तुम्ही माझ्याबद्दल माझ्या लेकाला इचारायला येणार."

डॉक्टरांनी कागद पर्समध्ये ठेवला. त्या महिन्यात परत आलेले असे अकरा कागद तिथे आधीच होते.