वरचं बटन

"आई गं!" नेहल ओरडली, आणि पाण्याचा ग्लास जिन्यावरून खडखडत थेट खाली गेला.

जानेवारीतली कोरडी दुपार. अंबडच्या बाजारात सुरजमलशेठचं साड्यांचं दुकान, वर घर. त्यांची लेक नेहल सकाळपासून नायलॉनच्या साड्यांच्या घड्या घालत होती. जिन्यात वायरिंग करायला वडीगोद्रीचा कल्याण आला होता. त्यानं पाणी मागितलं, तिनं स्टीलचा ग्लास पुढे केला, त्याची बोटं ग्लासला टेकतात न टेकतात तोच... चट्!

"तुमच्या वायरीत करंट आहे!" ती चिडली.

"मेन बंद करून काम करून राह्यलो, ताई. हा करंट तुमचाच हाय," तो बोट झटकत म्हणाला. "साडीवर साडी घासली की अंगात वीज साचती. कोरड्या हवेत तिला निघायला वाट न्हाई. मंग कुणी हात लावला, की मारती उडी."

"म्हणजे चूक माझीच?"

"चूक न्हाई... पण परत पाणी देताना आधी सांगा."

ती हसली. हसायचं नव्हतं तिला, पण हसली. त्यानंतर त्याच्या तोंडून 'ताई' काही निघालं नाही. तीन दिवसांचं काम आठवडाभर चाललं, आणि आजवर साधा फ्यूज न बघितलेल्या नेहलला विजेबद्दल शंभर प्रश्न पडू लागले.

"मग दिव्यातली वीज का नाही उडी मारत?"

"ती शहाणी. तिला जायची बी वाट लागती अन् परत यायची बी. मधी कुठं तुटलं, की दिवा गप." त्यानं जिन्याच्या पायथ्याशी एक बटन बसवलं, वर दाराशी दुसरं. "दोन्ही एकाच दिव्याची. कुणी खालून बंद केला तरी तू वरून लावू शकती."

तो 'तू' म्हणाला होता... दोघांच्याही ते जरा उशिरानंच लक्षात आलं.

शेवटच्या दिवशी हत्यारं पिशवीत भरताना तो म्हणाला, "पुण्याला नोकरी लागली. उद्या निघतो. शेठजींना... विचारू का?"

नेहलनं हातातल्या साडीची घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

"आत्ता नको सांगू. उद्या पाचला समोर चहाच्या टपरीवर असन. जिन्यातला दिवा लावून ठेव. जिन्याच्या खिडकीतून उजेड दिसला की सरळ येऊन शेठजींसमोर बसतो. न्हाई दिसला, तर जालन्याची गाडी पकडतो. मंग परत न्हाई विचारणार."

दुसऱ्या दिवशी बरोबर पाचला तिनं वरचं बटन दाबलं. जिना उजळला. टपरीवर कल्याण चहा अर्धाच टाकून उठला.

तेवढ्यात खालून पप्पांचा आवाज आला, "दिवसाढवळ्या दिवा कुणी लावला?" आणि खट्! जिना पुन्हा अंधारला.

तिचं बोट वरच्या बटनावरच होतं. नुसतं दाबायचं होतं. पण समाज काय म्हणेल, आई किती दिवस जेवणार नाही, नातेवाईक पप्पांना काय काय ऐकवतील... सगळं त्या एका बोटावर येऊन बसलं. कल्याण खिडकीकडे बघत उभा राहिला. मग पिशवी उचलून स्टँडकडे गेला.

त्याचा नंबर होता तिच्याकडे. कितीदा उघडला, कितीदा मिटला.

तिचं लग्न परभणीला झालं. माणसं चांगली होती, तक्रारीला जागा नव्हती. सहा वर्षांनी संक्रांतीला ती माहेरी आली, तेव्हा जिन्यातला दिवा गेलेला. पप्पा स्टुलावर चढले, तिनं स्टूल धरलं.

"बेटा, त्या दिवशी हा दिवा मी बंद केला ना..." ते वर बघतच म्हणाले. "समोर तो वायरमन पोरगा आपल्या खिडकीकडे बघत उभा होता. मला सगळं कळलं होतं."

"रागावला होतात?"

"रागावलो तर होतोच. पण खालीच थांबलो, बराच वेळ. म्हटलं, पोरीच्या मनात खरंच असेल तर वरून पुन्हा लावेल. मग मीच त्याला हाक मारणार होतो." त्यांनी बल्ब घट्ट बसवला. "तू लावला नाहीस. वाटलं, आपलाच गैरसमज... लाव बघू आता."

नेहलनं वरचं बटन दाबलं. दिवा लगेच लागला. एवढंसंच काम होतं ते, आणि तेवढं तिच्या हातून झालं नव्हतं.