रंभाबाई काय म्हणाल्या

चैताली आली तेव्हा तिच्या हातांची हळद अजून ओली होती. उद्या लग्न असलेली मुलगी आज खासगी गुप्तहेराकडे कशाला येते, हे दगामामांना कळेना. पण मामांना न कळणाऱ्या गोष्टींची यादी लांबलचक होती. आपली भाची हर्षदा हा उद्योग का करते, हेही त्यातच.

“माझ्या आईचा शॉट चोरीला गेलाय, ताई,” चैताली म्हणाली.

सुरतेच्या उधन्यात स्टुडिओ चालवणाऱ्या ललितनं तिच्या आणि नरेंद्रच्या प्रेमाची फिल्म करायला घेतली होती. दोघं कसे भेटले, घरचे काय म्हणाले, अशी. जानेवारीत जवळच बमरोलीला चैतालीच्या घराच्या गच्चीवर शूटिंग झालं. आधी बाबा बोलले, मग आई, मग नरेंद्र. फेब्रुवारीत आई, रंभाबाई, झोपेतच गेली.

“ती काय बोलली, कोणालाच माहीत नाही. लाजत होती. आम्हाला खाली पाठवलं, ललितदादाला कॅमेऱ्यासकट गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला उभं केलं. शेजारी लूमचं खातं, कापड विणायचा कारखाना. जिन्यात थांबले, तरी खटखटाटात एक शब्द कळला नाही. आता दादा म्हणतो, शॉट डिस्कवरून कोणीतरी उडवला.” तिनं डोळे मिटले. “मंडपात नाही दाखवला तरी चालेल. पण ती माझ्याशी काय बोलली, हे न कळता मी उद्या निघू कशी?”

काचेच्या दाराबाहेर तिचे वडील श्रीपत बाकावर बसले होते. हर्षदा हळूच म्हणाली, “मामा, त्यांना पाणी विचारा.”

काचेपलीकडून श्रीपतनी हात हलवला, नको.

मामा तरी बाहेर गेले आणि त्यांच्या पाठीमागे उभं राहून मोठ्यानं म्हणाले, “आत या ना.” श्रीपत ढिम्म हलले नाहीत.

“बाबांना कमी ऐकू येतं,” चैताली म्हणाली. “तीस वर्षं ते लूमवर, आई समोर बॉबिन भरायला. एकाच खात्यात.”

“पाणी नको ते बरं ऐकू आलं,” मामा कुरकुरले.

सगळे ललितच्या स्टुडिओत गेले. ललित तीन रात्री झोपला नसावा.

“काकूंचा शॉट माझा सगळ्यात चांगला शॉट होता,” तो म्हणाला. “आवाज तर असा खणखणीत, की हेडफोनमध्ये ऐकताना तिथल्या तिथे माझे डोळे भरून आले.”

“काय म्हणाल्या?” हर्षदानं विचारलं.

“आता... शब्द नाही आठवत.”

एडिटिंग करणारी मयुरी पुढच्या महिन्यात दुसऱ्या स्टुडिओत जाणार होती, म्हणून सगळे तिच्याकडेच बघत होते. “मी तो शॉट पाहिलासुद्धा नाही,” ती फणकाऱ्यानं म्हणाली. “सर म्हणाले, तो मी स्वतः कापणार.”

“आवाज कुठे असतो?”

“वेगळ्या रेकॉर्डरमध्ये. बोलणाऱ्याच्या गळ्याशी माइक, कमरेला रेकॉर्डर. नंतर चित्राला जोडतो.” तिनं यादी उघडली. “एकवीस श्रीपतकाकांचा. बावीस नरेंद्रचा. तेवीस नरेंद्र-चैताली दोघांचा. नंबर मशीनच टाकतं. एखादा पुसला, तर तो नंबर परत येत नाही, मधेच गळतो.”

नरेंद्रला बोलावलं. तो काल एकटाच इथे येऊन गेला होता, हे मयुरीनंच सांगितलं.

“हो, आलो होतो,” तो म्हणाला. “म्हटलं, मंडपात तो शॉट लावू नका, चैताली कोसळेल. ललितभाई म्हणाले, तशीही वेळ येणार नाही. मला वाटलं, माझं ऐकलं.”

मामांनी हर्षदाला बाजूला घेतलं. “चोर जावईच शे, पोरी. माले पक्कं वाटस.”

“मामा, एकवीसनंतर किती येतात?”

“बावीस.”

“आणि बाबांनंतर कोण बोललं?”

मामा बोटं मोजू लागले. हर्षदा सगळ्यांकडे वळली.

“बाबा, आई, नरेंद्र, असा क्रम होता. आईचा आवाज पुसला असता, तर मधला नंबर गळला असता. गळलेला नाही. म्हणजे तो कधी रेकॉर्डच झाला नाही. आणि जो झालाच नाही, तो खणखणीत आवाज एकाच माणसानं ऐकलाय.”

ललितनं मान खाली घातली.

“रेकॉर्डरचं बटण दाबायचंच राहिलं,” तो म्हणाला. “काकू मला लांब पिटाळत होत्या, त्या गडबडीत. मार्चमध्ये एडिटिंगला बसलो तेव्हा कळलं. कॅमेऱ्यात नुसता लूमचा खटखटाट. तोवर काकू गेल्या होत्या. आईचे शेवटचे शब्द मी घालवले, हे चैतालीला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? आज मयुरीवर आलं, तेव्हाही गप्प बसलो.”

“मग शॉट पुसलात?”

“छे. हात धजला नाही.” त्यानं ड्रॉवरमधून कॅमेऱ्याचं एक कार्ड काढलं.

चैताली भिंतीला टेकून रडू लागली. तिला चोर नको होता, आई हवी होती. मुक्या चित्राचं ती काय करणार?

“लावा,” हर्षदा म्हणाली. “आणि बाबांना पुढे बसवा. काचेआडून माझं बोलणं त्यांना कळलं, पाठीमागून मामांचं ओरडणं नाही. ते कानांनी ऐकतच नाहीत, मामा. लूमच्या आवाजात खात्यातली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात.”

पडद्यावर झूममुळे अगदी जवळून रंभाबाई दिसल्या. पदर सारखा केला, आणि बोलू लागल्या; ऐकू येत होता नुसता खटखटाट. श्रीपत खुर्चीच्या काठावर सरकले. त्यांचे ओठ आधी नुसतेच हलले, मग त्यांतून शब्द येऊ लागले.

“चैताली, नरेंद्र कमी बोलते म्हनून तू कुरकुर करतं. तुझा बापबी असाच. मोठ्यानं बोलनं त्याले कधी जमलंच नाही. खात्यात समोरून नुसते ओठ हलवून इचारलं, माह्यासंग लगन करशीन का. मी मान हलवली. बाजूच्या बाईलेबी पत्ता लागला नाही. म्हनून सांगतो, नवरा बोलला नाही तं त्याच्या तोंडाकडे पाहत जाय.”

पडद्यावर रंभाबाई हसल्या आणि थेट कॅमेऱ्यात पाहून पुन्हा बोलल्या. श्रीपत थांबले.

“पुढे, बाबा?” चैताली त्यांच्या समोर येऊन बसली.

“पुढचं माह्यासाठी हाय.”

चैतालीनं त्यांचा हात हातात घेतला. तेव्हा त्यांनीच सांगितलं.

“म्हनते, पोरगी निघंन तवा रडू नका. तुमी रडले का मले तुमचे ओठ वाचता येत नाहीत.”

एवढं सांगून होईपर्यंत श्रीपत रडले नाहीत. मग त्यांनी हातांनी तोंड झाकून घेतलं.