केस्लरच्या खाणीतले ठोके

शेगडीत अजून एक लाकूड सरकव गं टेस. आणि कोल्बी, तो कॅमेरा खाली ठेव बाबा, मी काही सिनेमातला नट नाही. उद्या केस्लरला जाणार म्हणता ना दोघं? पडकी खाण, उजाड रेल्वे, सगळ्याचं चित्रण करणार? करा की. आम्ही त्या खाणींतून बाहेर पडायला जन्म घालवला, आणि तुम्ही त्या बघायला ओहायोहून पेट्रोल जाळत येता! चालायचंच.

काय म्हणालीस? आत नाही जाणार, बाहेरूनच बघणार? अगं, डेन्झिलही बाहेरच उभा होता.

कोल्बीला माहीत नसेल, म्हणून सांगतो. डेन्झिल माझा मेहुणा. माझी धाकटी बहीण ओपल, तिचा नवरा. हाडाचा खाणकामगार, आणि वर बचाव पथकातला. आपल्या वेस्ट व्हर्जिनियात कुठेही खाणीचं छत कोसळलं की याला बोलावणं यायचं, मग ताटावरून उठून जायचा. आता निवृत्त झालाय. टोमॅटो लावतो आणि ओपलची बोलणी खातो.

गेल्या वर्षीची गोष्ट. थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार. सोमवारपासून हरणांची शिकार सुरू होणार होती, आणि नेमकी त्याच दुपारी ओपलची कुत्री टिली कुंपणाखालून सटकली. टिलीला सशाचा वास लागला की देव आठवत नाही. सोमवारी डोंगरात जो तो बंदूक घेऊन फिरणार, कुणीतरी हरीण समजून तिला उडवणार. ओपल म्हणाली, "कुत्रीशिवाय घरी आलास तर तिच्याच घरकुलात झोपायचं." निघाला बिचारा.

तुम्ही उद्या ज्या वाटेने जाणार ना, तीच वाट. रूळ तर कधीच उपटून भंगारात गेले, नुसती खडी उरलीय आणि तिच्यात वाढलेली झाडं. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कोळसा भाजून कोक करायच्या जुन्या भट्ट्यांची रांग. डेन्झिल हाका मारत चालला होता. प्रत्येक भट्टीत बॅटरी मारून बघत होता. नोव्हेंबरात आपल्या दरीत जेवणवेळेआधीच अंधार पडतो. नंतर तो मला म्हणाला, "बॅटरी काढून घेतली की मागच्या भट्टीतला अंधार जरा पुढे सरकायचा, असं वाटत होतं." मी त्याला हसलो. बचाव पथकातला माणूस आणि अंधाराला भितो!

शेवटच्या भट्टीपलीकडे खाणीचं तोंड आहे. सिमेंटच्या विटांची भिंत घालून बंद केलंय. माझ्या लहानपणीच केलं. भिंतीतून एक लोखंडी पाइप बाहेर येतो, आतलं पाणी निघून जायला. त्या पाइपासमोर टिली बसली होती. भुंकत नव्हती. शेपूट हलवत नव्हती. मान तिरकी करून ऐकत होती.

"चल गं भवाने," डेन्झिल म्हणाला.

तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

आणि मग त्यालाही ऐकू आलं. पाइपावर ठोके पडत होते. आतून. थोडे ठोके, मग थांबणं. पुन्हा ठोके, पुन्हा थांबणं...

आता इथे नीट ऐका. खाणीत माणूस अडकला की तो ओरडत बसत नाही, हवा वाया जाते. तो लोखंडावर ठोकतो. आणि ज्याला ऐकू येईल त्याने उत्तर द्यायचंच. त्यात विचार करायचा नसतो. उत्तर दिलं याचा अर्थ एकच: ऐकलंय बाबा, येतोय. एकदा उत्तर दिलं की आतला माणूस बाहेर येईपर्यंत तिथून हलायचं नाही, मग तो जिवंत येवो की कसाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडणारा माणूस मी पाहिला नाही. डेन्झिलला वाटलं, तुमच्यासारखंच कुणीतरी कॅमेरा घेऊन कुठल्यातरी भोकातून आत शिरलंय आणि अडकलंय. त्याने दगड उचलला, आणि दिलं उत्तर.

आतले ठोके थांबले. मग जोरात सुरू झाले. आनंद झाल्यासारखे.

तो धावत खाली आला आणि सगळ्या गावाला उठवलं. अग्निशमनवाले आले, मीही कॉफीचा थर्मास घेऊन गेलो. डोंगराची ती सगळी बाजू पालथी घातली. आत जायला कुठे उंदराएवढं भोक नाही. वाटेवर कुणाची गाडी उभी नाही. दरीत कुणी हरवल्याची तक्रार नाही. मी स्वतः पाइपाला कान लावला. गार लोखंड, बस्स. शेरीफचा एक कोवळा पोलीस म्हणाला, "डेन्झिलकाका, गारठ्याने पाइप आकसतो आणि वाजतो."

डेन्झिल म्हणाला, "आकसणारा पाइप थांबून ऐकत नाही, बाळा."

त्याला आम्ही ओढूनच घरी नेला. सारखा मागे वळून म्हणत होता, "मी उत्तर दिलंय रे..."

त्याच रात्री त्याच्या घरातला पाण्याचा पाइप वाजायला लागला. ओपल झोपेत म्हणाली, "नळाचा वॉशर गेलाय. निवृत्त झाल्यावर बदलतो म्हणाला होतास, अजून मुहूर्त नाही." डेन्झिलने तळघरात जाऊन पाणी बंद केलं. पाइप वाजतच राहिला. थोडे ठोके, मग थांबणं. मग ओपलही उठून बसली.

रविवारी सकाळी चर्च सुटल्यावर तो माझ्याकडे आला. खुर्ची दिली तर बसेना. अंगणात या टोकाकडून त्या टोकाकडे नुसत्या येरझारा. माझ्या ट्रकच्या पत्र्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. म्हणाला, "इथेही."

मग मला विचारलं, "'ऐकलं' याचा ठोका आहे. 'येतोय' याचा आहे. 'माफ कर, चुकून उत्तर दिलं, कुणी येणार नाही', याला काय ठोकतात?"

मी म्हटलं, तसला ठोका नाही आपल्यात. कुणी बसवलाच नाही.

मी एवढंच म्हणालो, "ती भिंत फोडू नकोस. आत हवा नाही, विषारी वायू आहे. तुझं प्रेत काढायला तुझ्याच पथकातली पोरं यायची." त्याच्या डोळ्यांकडे बघून मला कळलं की हा जाणार.

पुढचं मला ओपलने सांगितलं, आणि ओपलने आयुष्यात थाप मारलेली मला ठाऊक नाही, टोमणेच मारते ती. संध्याकाळी डेन्झिलने घण, पहार आणि वायू मोजायचं यंत्र घेतलं आणि ट्रकचं दार उघडलं. आत ओपल टिलीला मांडीवर घेऊन आधीच बसलेली.

"उतर," तो म्हणाला.

"उतर म्हणे! जन्मभर खाणीच्या फाटकाशी तुझी वाट बघत उभी राहिले. आज पण राहीन. चालव गाडी."

भिंतीशी पोचले तेव्हा काळोख झाला होता. ठोके चालूच होते. डेन्झिलने घण घातला. एक वीट निघाली. दुसरी निघाली. माणूस सरपटत जाईल एवढं भोक पडलं.

गार वारा बाहेर आला. यंत्र किंचाळायला लागलं.

डेन्झिलने यंत्र बंद केलं.

"डेन्झिल..."

"मी उत्तर दिलंय, ओपल."

डोकं आत. खांदे आत. ओपलने त्याचा पट्टा पकडला, दोन्ही हातांनी. तो सुटायला बघत होता. आतून ठोके... आता पाइपावर नव्हते. भिंतीवरच. आतल्या बाजूने. त्याच्या डोक्याशेजारी.

थांबले.

कुणी श्वास घेत नव्हतं. टिली नाही. डेन्झिलही नाही... त्याचे पाय ढिले पडले होते.

ओपलला काय सुचलं, तिचं तिलाच ठाऊक नाही. तिने पट्टा सोडला नाही. त्याच्या पाठीवरून भोकात तोंड घातलं आणि ओरडली. पोरांना जेवायला हाक मारावी तशी.

"बाहेर या रे! कामाची पाळी संपली! आम्ही न्यायला आलोय, चला घरी!"

काही नाही.

मग वारा उलटा फिरला. आतला गार वारा थांबून बाहेरची हवा आत गेली. डेन्झिल खोकला. ओपलने त्याला पाय धरून बाहेर ओढला, खडीवर आडवा केला आणि दोन थोबाडीत ठेवून दिल्या. तो श्वास घेऊ लागला. टिलीची मान मात्र हलू लागली होती. ती भोकाकडून वाटेकडे बघायची. पुन्हा भोकाकडे, पुन्हा वाटेकडे. बराच वेळ.

ठोके पुन्हा झाले नाहीत. दोघांनी विटा जमतील तशा परत लावल्या आणि घरी आले. डेन्झिलचे हात सिमेंटने माखले होते, म्हणून ओपलने कपाटातून नवा साबण काढून दिला. त्याने हात धुतले आणि मेल्यासारखा झोपला. रात्रभर पाइप वाजला नाही. पाण्याचाही आवाज नाही. ओपल जागीच होती, तिने ऐकला असता.

सोमवारी सकाळीच तिने मला फोन केला. "ये," एवढंच म्हणाली. मी गेलो तर बाथरूमच्या दारात उभी. फरशी कोरडी. टॉवेल घडी घातलेले, जिथल्या तिथे. मी म्हटलं, काय झालं? तिने तळहात पुढे केला.

रात्री कागद फाडून दिलेला साबण. झिजून पानासारखा पातळ झालेला. काळाकुट्ट. खाणीच्या न्हाणीघरात अख्ख्या पाळीची माणसं अंघोळ करून गेली की वडीचं जे उरतं ना, तेवढंच उरलं होतं. डेन्झिलने एकाला उत्तर दिलं होतं रे. एकाला.

मला वाटलं ओपल घाबरलीय. पण तिचे डोळे भरून आले होते.

"मी रात्री गीझर बंद करते," ती म्हणाली. "गार पाण्याने अंघोळ केली असेल रे सगळ्यांनी."