माळावरचा हुंकार

धोंडेवाडीत मोबाईलची रेंज म्हणजे रुसलेली सून. घरात येत नाही, ओसरीवर येत नाही, देवळातसुद्धा पाऊल टाकत नाही. तिला भेटायचं तर माळ चढून जावं लागतं. म्हणून त्या दिवशी मनकर्णानं लवकर भाकरी उरकल्या, हात पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "चला वं, रविराजला फोन लावून येऊ. जेसलमेरचं आज पक्कंच करून टाकू."

जेसलमेर! माहेर सुप्याचं आणि सासर जामखेडकडचं, या दोन टोकांपलीकडं जिनं काही पाहिलं नव्हतं, ती बाई जेसलमेरचं नाव असं घ्यायची, जसं काही मावशीचं गाव. पण तिला हसू नका. तिचा नवरा बिभीषण डोळ्यांनी अधू होत चालला होता. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, डोळ्याची नस वाळत आलीय, पुढचा उन्हाळा दिसला तर दिसला. बिभीषण रडला नाही की चिडला नाही. एष्टीत बसल्यावर एवढंच म्हणाला, "आंधळं व्हायच्या आदी एकदा माळढोक बघायचा हुता."

लहानपणी बापानं, आण्णांनी, त्याला खांद्यावर बसवून आपल्याच माळावर तो पक्षी दाखवला होता. पोराच्या उंचीचा, पांढऱ्या मानेचा, पाटलासारखा चालणारा. पुढं माळाची नांगरट झाली, विजेच्या तारा आल्या, आणि पक्षी गेला तो गेलाच. त्यांचा भाचा रविराज सुप्याला कारखान्यात होता. त्यानं सांगितलं, आता बघायचाच तर राजस्थानात, जेसलमेरच्या वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान. झालं! मनकर्णानं त्याच दिवशी पदर खोचला.

बाई मोठी खमकी. रविराजकडून विचारून विचारून तिनं सगळा प्रवास तोंडपाठ केला. रोज दिवेलागणीला ती नवऱ्याला तो गोष्टीसारखा सांगायची, आणि तो भिंतीला टेकून हुंकार द्यायचा. त्यांच्या घरात तशी रीतच होती. बिभीषणाची आई राहीबाई म्हणायची, "हुंकार न्हाई त्याला गोष्ट न्हाई. आन् ज्यानं हुंकार दिला, त्याला गोष्ट पावली."

तर दोघं माळ चढू लागले. थंडीचे दिवस, सूर्य टेकायला आलेला, वाळल्या गवताचा गोडसर वास सुटलेला. बिभीषण काठीनं वाट चाचपत मागून येत होता. हात धरलेला त्याला खपत नसे, आणि ती वाट त्याच्या पायाखालचीच होती. मनकर्णा मोबाईल वर धरून, डोळे त्याच्यावर लावून पुढं. माथ्यावर पोचल्यावर रेंज आली, पण रविराजचा फोन लागेना. तिनं वेळ घालवायला नेहमीची गोष्ट सुरू केली.

"नगरहून पुणं गाठायचं."

"हूं…" मागून आलं.

"पुन्याहून जोधपूरची गाडी. रातभर, मग दिसभर. भाकरी आन् शेंगाची चटणी संगंच घ्यायची."

"हूं…"

"तिथनं जेसलमेर. मग जीप. जंगलखात्याची परवानगी रविराज काढून ठिवनार हाय. वाळूत गप बसायचं, खोकायचं न्हाई. आन् मग ते गवतातनं बाहिर येनार. जित्ते. चालतेबोलते."

"हूं…" या वेळी जरा जवळून. जरा घाईनं.

मनकर्णाला बरं वाटलं. आज मालक मन लावून ऐकतायत म्हणायचं! "मग काढायची ना तिकिटं?" असं म्हणत ती वळली.

मागं कुणी नव्हतं.

बिभीषण पार खाली, बांधावर बसला होता. पायातला काटा काढत. तिथूनच ओरडला, "मनकर्णे, अगं थांब की वाईच! कवाधरनं हाका मारतुय. कुनासंगं बोलतीयास?"

मघाशी टिटव्या ओरडत होत्या, त्या गप्प झाल्या होत्या. वारा असूनही गवत हलत नव्हतं. आणि तेवढ्यात पुन्हा तो आवाज आला… अगदी पाठीशी. कानाला कमी आणि छातीला जास्त लागणारा.

"हूंम्म…"

खाली बिभीषण ताडकन उठला. काठी तिथंच पडली. "आगं… हूम!" तो खालूनच ओरडला. "आमच्यात माळढोकाला हूमच म्हनत्यात! आसाच घुमतुय तो! पन ह्यो तर पावसाळ्यात घुमायचा…"

आणि तो चढू लागला. काठीशिवाय. ज्याला ताटातली भाकरी चाचपावी लागायची, तो माणूस धोंडे चुकवत, काटेरी झुडपं टाळत सरळ वर आला. मनकर्णा बघतच राहिली. भीती वाटत होती, पण खोटं कशाला बोला, त्या चालीचं तिला कौतुकही वाटलं. लग्नात पाहिलेला नवरा परत आल्यासारखा वाटला.

"किती हायत गं!" तो पुटपुटला. "आख्खा माळ भरलाय. डोक्यावं काळी टोपी, मान कशी दुधावानी… आन् गवात बघ, कमरंएवढं. आण्णांच्या वक्ताला हुतं तसं."

मनकर्णानं डोळे फाडून पाहिलं. नांगरलेली ढेकळं होती. कडेचं खुरटं वाळकं गवत आणि विजेचे खांब होते. बाकी काही नव्हतं.

"आवं… काय न्हाई हितं. घरी चला."

"हायत की. समदे तुझ्याकडंच बघत्यात. पुढचं ऐकायचंय त्यांना."

तेव्हा तिला कळलं, गोष्ट कुणाला पावली ते. तिनं त्याचा हात घट्ट धरला. "चला म्हनते ना! तुमाला माझी आन हाय…"

बिभीषण तिच्या आवाजाच्या दिशेनं वळला. डोळे स्वच्छ, पाणीदार. ते तिच्यावरून फिरले आणि इकडंतिकडं शोधत राहिले.

"समदं लख्ख दिसतंय गं, मनकर्णे," तो हळूच म्हणाला. "पन तू कुठं हायस?"

"ही काय… तुमच्या म्होरं. हात धरलाय की तुमचा."

"हात तुझाच हाय," तो म्हणाला. "पन हाताच्या मागं…" आणि थांबला. मग इतका गोड हसला, की तिला रडू फुटलं.

जेसलमेरची तिकिटं काढलीच नाहीत. "आता कशाला?" असं बिभीषणच म्हणाला. नगरच्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि दृष्टी पुरती गेली म्हणून सांगितलं. घरात तो भिंतीला धडकतो, उंबऱ्याला अडखळतो. पण मनकर्णा चुलीपाशी बसली की खाट ओढून समोर येतो आणि तिच्याकडं टक लावून बघत राहतो. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला असं कधी न्याहाळलं नव्हतं.

"लई देखनी हायस," म्हणतो. "मान कशी दुधावानी."

कुणाही बाईला बरं वाटेल. पण मनकर्णा पीठ घ्यायला उठून उभी राहिली, तरी त्याची नजर तिच्या तोंडापर्यंत वर जात नाही. कमरेच्या उंचीवरच थांबते. आणि ती दाराकडं गेली, तरी चुलीपाशीच खिळून राहते.